दादाच्या नावाची मूठ

आमच्या भाऊबंदात कानबाईच्या रोटाचे गहू मुठीनं घेतात. शेरानं नाही, मापट्यानं नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर एक मोठी चिमूट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमच्या कुळाची देवी, बसते. आदल्या दिवशी सकाळी सगळे भाऊबंद थोरल्या घराच्या ओट्यावर जमतात, मध्ये पितळी परात ठेवतात, शेजारी गव्हाचं पोतं उघडून ठेवतात आणि वयाच्या क्रमानं एकेक जण आपली मूठ परातीत सोडतो. पाळण्यातल्या मुलाची मूठ त्याची आई टाकते. कोणी परगावी असला तर त्याचीही आईच टाकते.

ते गहू घरच्या जात्यावर दळायचे आणि पीठ चाळायचं नाही. त्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, त्यांना आम्ही रोट म्हणतो. रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, गुरांना घालायचे नाहीत, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाहीत. आणि संपवायचेच. एक तुकडा वाया गेला तरी कुळाला दोष लागतो, असं मानतात. पलीकडच्या गावी हा रिवाज थोडा वेगळा असेल. मी पाहिला तो असा.

मला लहानपणापासून हा रिवाज आवडायचा, कारण त्यात हिशेब होता. परातीतल्या मुठी मोजल्या की कुळातली माणसं मोजून होत. गेल्या सालापेक्षा एक जास्त पडली तर कोणाकडे पाळणा हलला ते कळायचं. कमी पडली तर तेही कळायचं, आणि त्या वर्षी कोणी मोठ्यानं मोजत नसे.

आमचं गाव तापीच्या दक्षिण काठाला. पलीकडे प्रकाशाचे कळस दिसतात. मी नंदुरबारला इंग्रजी शाळेत शिकत होतो आणि तिथंच दोन मुलांबरोबर खोली घेऊन राहत होतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माझा भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, मराठी चौथीनंतर शाळा सोडून वडिलांबरोबर शेतात उतरला होता. तो गाडी घेऊन नंदुरबारच्या बाजाराला आला की माझ्या खोलीवर ज्वारी, डाळ, तुपाचा डबा टाकायचा आणि खाटेवर पाय सोडून विचारायचा, "काय शिकना रे या आठवडाले?"

मी सांगायचो. पृथ्वी फिरते, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचार करत बसला.

"धरती फिरस. मंग काल मी इहिरवर मोट ठी उनू, आज सकायले इहिर तठेच कशी?"

"आपन बी तिनासंगे फिरतस."

"आते समजनं. आबाले उन्हायामा चक्कर येस, ती याच्यानंच."

आबा म्हणजे आमचे वडील. पुढे महिनाभर वडील कशालाही धडकले की दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "धरती जोरमा फिरी ऱ्हायनी आज." वडिलांना त्यातलं काही कळत नसे. मी आणि दादा हसायचो.

त्याचं आणि देवाचं काही भांडण नव्हतं, आणि त्याचं आणि माझ्या पुस्तकाचंही नव्हतं. तो महादेवाला हात जोडायचा आणि ग्रहण म्हणजे सावली आहे हेही ऐकून घ्यायचा. "सावली तर सावली, आंघोळ करी लेवो, काय बिघडस," असं त्याचं म्हणणं. माझं तसं नव्हतं. मला दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं असायचं, जसं एकाच बेरजेचं वरून आणि खालून मोजून एकच उत्तर येतं. येत नसे, तेव्हा मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला शिकलो. पेरायचं बी एका कणगीत आणि खायचे दाणे दुसऱ्या कणगीत ठेवतात, तसं शाळेचं शाळेत आणि घरचं घरी. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. बहुतेक मुलं असंच करत.

जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपत आली त्या वर्षी दसऱ्यानंतर मानमोडीचा ताप आला. शाळा बंद झाली आणि मी घरी आलो. त्या साथीचं मी फार लिहिणार नाही. ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून समजणार नाही. एकेका घरातून दोन दोन माणसं गेली. पहिले काही दिवस दादा खांदा द्यायला जात होता, घरोघरी पाणी भरून देत होता. मग तो पडला, आणि त्याच्यामागे मी पडलो. आई आम्हा दोघांच्या मध्ये बसून असायची. मी शुद्धीवर आलो तेव्हा दादाची गोधडी ओट्यावर वाळत घातलेली होती. मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गया." एवढंच.

येत्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती.

त्या दिवसांत मसणात लाकूड मिळत नव्हतं. लोकांनी घरात ठेवलेल्या गेल्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाट्या नेल्या, तुराट्या नेल्या, मोडक्या गाडीची चाकं नेली. काहींना तसंच तापीत सोडलं. दादाच्या वेळी काय झालं हे मी पाहिलं नाही, आई तर बाई म्हणून गेलीच नव्हती. ती वडिलांना विचारायची, "लाकूड पुरनं का?" वडील म्हणायचे, "पुरनं." दोन दिवसांनी ती पुन्हा विचारायची, "पुरा जयना ना तो?" वडील म्हणायचे, "हा." प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर एका शब्दाचं असायचं आणि ते देताना ते दुसरीकडे बघत. मला त्यावरून काही ठरवता आलं नाही, आणि आजही मी ठरवलेलं नाही. पण आईनं ठरवलं होतं. आपला मुलगा अर्धाच जळला आणि म्हणून त्याची गती झाली नाही, तो काठावरच कुठेतरी राहिला, हा विचार तिच्या डोक्यात बसला. ती भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि चुलीतल्या लाकडांकडे बघत राहायची.

पुढच्या श्रावणात वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून आमच्याकडे कानबाई बसली नाही. त्याच्या पुढच्या श्रावणात बसणार होती.

त्याच सालच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेत रसायनशास्त्राच्या मास्तरांनी तो प्रयोग दाखवला. टेबलावर तराजू होता. एका पारड्यात मेणबत्ती, तिच्यावर काचेची नळी आणि नळीच्या वरच्या तोंडात सोड्याचे पांढरे खडे भरलेले. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा बरोबर मध्ये आणला होता. मास्तरांनी मेणबत्ती पेटवली. ती जळून कमी होऊ लागली, आणि आम्ही बघतो तर तिचं पारडं वर जायच्या ऐवजी हळूहळू खाली चाललं होतं.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मास्तर, तराजू वाण्याकडून आणलाय का?"

सगळे हसले, मास्तरही हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. मेण जळतं म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी एकरूप होतं. त्याचा वायू होतो, वाफ होते, एरवी ती उडून जाते म्हणून आपल्याला वाटतं मेणबत्ती संपली. इथं ती सोड्याच्या खड्यांनी धरून ठेवली. वजन वाढलं ते हवेतून घेतलेल्या प्राणवायूचं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, पदार्थाचा नाश होत नाही, रूप पालटतं.

वर्ग सुटल्यावर मी मागे राहिलो. मास्तर वजनं एकेक पुसून पेटीत ठेवत होते. कपाळाला गंध लावणारे, रोज संध्या करणारे गृहस्थ होते ते.

मी विचारलं, "माणसाचं शरीर जाळलं तर हेच होतं का?"

"हेच. कोळसा, पाणी, चुना, वायू. यातलं काहीच नाहीसं होत नाही."

"आणि लाकूड कमी पडलं तर?"

त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं. "घरी कोण गेलं?"

मी सांगितलं. त्यांनी ते वजन उचलून पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "लाकूड कमी पडलं तरी हिशेब तोच राहतो. जे चितेत जळत नाही ते मातीत आणि पाण्यात सावकाश जळतं. वेळ जास्त लागतो, हरवत काही नाही."

"आणि आत जो असतो, तो?"

"त्याला पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून आमच्या विषयात तो येत नाही. आहे असंही हा विषय म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "मी त्याच्यासाठी संध्याकाळी दुसरीकडे जातो. तूही जात जा."

मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. लाकडाचा प्रश्न सुटला होता, आणि तो पुस्तकानं सोडवला होता. पुढच्या सुट्टीत मी गावी गेलो ते हे आईला सांगायचं म्हणूनच.

आई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. मी तिला तराजू, नळी, खडे, सगळं हातांनी दाखवून सांगितलं. मास्तरांशी झालेलं बोलणंही सांगितलं, पहिला भाग आणि दुसरा भागही. दुसरा भाग सांगितला हे मला नक्की आठवतं, कारण तेव्हा ती सूप खाली ठेवून आत जाऊन पाणी पिऊन आली होती.

"म्हनजे लाकूडनं काही नही?"

"काही नही, माय."

"कमी पडनं तरी?"

"तरी काही हारपत नही. येळ लागस, बस."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "परत सांग ते मेनबत्तीनं."

मी परत सांगितलं.

"वजन वाढनं?"

"ते हवामातलं."

"वाढनं का नही, ते सांग."

"वाढनं."

"मंग," आई म्हणाली, आणि तूर पाखडू लागली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी होतो तेवढ्या दिवसांत तिनं वडिलांना लाकडाचं एकदाही विचारलं नाही. वडिलांनी मला गोठ्यात गाठून विचारलं, "तिले काय सांगं तू?" मी सांगितलं. ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं कयं." मला वाटलं, दोन कणग्यांमधली भिंत काढली तरी दाणे बिघडत नाहीत. शाळेत शिकलेलं घरी उपयोगी पडलं होतं.

मग श्रावण आला आणि रोटाची मूठ घ्यायचा दिवस आला.

ओट्यावर सगळे जमले होते. पुरुष एका बाजूला, बायका दाराच्या आत आणि उंबऱ्यावर. हे सगळं मोठीमाय बघायची. मोठीमाय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, कुळातली सगळ्यांत वडील बाई. तिनं दादाला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि स्वतःची दोन मुलं लहानपणीच घालवली होती. मुठी पडू लागल्या. आधी तिचे यजमान मोठे आबा, मग माझे वडील, मग चुलते. मग माझ्या पिढीतले. थोरला चुलतभाऊ पुढे आला, त्यानं आपली मूठ टाकली, चिमूट टाकली, मागे सरकला. त्याच्यानंतर दादाची असायची आणि दादाच्या नंतर माझी. मी उठलो.

माझ्या आधी आई उंबरा ओलांडून आली होती. तिनं पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि परातीवर धरली.

मोठीमायनं तिचं मनगट पकडलं. "हाई कोनी मूठ?"

"मन्हा मोठानी."

 आतल्या बायकांतली कुजबूज थांबली.

"बाई, काय करी ऱ्हायनी तू?"

"परगाव गयेल पोऱ्यानी मूठ माय टाकस. रिवाज शे ना?"

"परगाव गयेल माघारे येस."

"तो कोठेच गयेल नही," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसा होता. "जयेल काही सरत नही. वजन बी कमी व्हत नही, वाढस. इंग्रजी पुस्तकमा लिखेल शे. इचारा याले." आणि तिनं दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोट केलं.

एक चुलते होते, त्यांना कशातही थट्टा सुचायची. ते म्हणाले, "असं व्हयनं ते मन्हा बापनी बी टाक वहिनी. मंग आजानी, मंग पंज्यानी. पोतं पुराव नही."

दोघं तिघं हसले. मोठीमायनं त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "चूप बठ. तुले हासू येस." ते चूप बसले. पण त्यांनी थट्टेत म्हटलं ते हिशेबाला धरून होतं, हे मला तेव्हाही कळलं. एक मूठ घेतली तर कोणाची नाकारायची?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वडिलांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. तसेच बघत म्हणाले, "जे शिकना ते सांग. जास्त नही, कमी नही."

मी सांगितलं. मेणबत्तीचं सांगितलं. वाढलेलं वजन हवेतलं होतं हे सांगितलं. माणसाचं शरीरही तसंच, त्यातलं काही नाहीसं होत नाही, हे सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. परातीवरची तिची मूठ मोठीमायच्या हातात होती, तरी घट्ट होती.

"अंग सरत नही," मी म्हणालो. "पन दादा कोठे शे, हाई पुस्तकमा नही."

"मानूस काय मेनबत्तीपेक्षा हलका शे का?" आईनं विचारलं.



तिनं पुन्हा विचारलं, आणि आता तिचा आवाज बदलला होता. "नही शे असं लिखेल शे, का काहीच लिखेल नही?"

"काहीच लिखेल नही, माय."

ती वाट बघत होती. मी आणखी एक वाक्य बोलावं म्हणून. काहीच लिहिलेलं नाही म्हणजे असूही शकतो, असं मी म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण मास्तरांनी तेवढंही सांगितलं नव्हतं, आणि वडिलांनी जास्त नको म्हटलं होतं. मी गप्प राहिलो.

मग मोठीमाय बोलली. मला वाटलं होतं ती रागावेल. ती आईच्या मनगटावरचा हात न काढता, अगदी हळू, लेकीशी बोलावं तशी बोलली. "मूठ पडनी ते तो रोटले येई. त्याना ताट नही, खावाले तोंड नही. दारमा उभा ऱ्हाई. सगया जेवतीन आनि तो दारमा उभा ऱ्हाई. असं करशी का तू पोऱ्याले? जाऊ दे ना माय त्याले. रस्ता मोकया कर त्याना."

आईची मूठ थोडी सैल झाली. दोन चार दाणे परातीच्या काठावर पडले. मोठीमायनं ते लगेच वेचून पोत्यात टाकले. मग आईनं स्वतःच हात वळवला, मूठ पोत्यावर उघडली, तळहाताला चिकटलेले दाणे लुगड्याला पुसले आणि आत गेली.

माझी पाळी होती. मी माझी मूठ टाकली, वर चिमूट टाकली. माझ्यामागच्या लहान मुलाची मूठ त्याच्या आईनं टाकली. काम पुढे गेलं. थोड्या वेळानं आतून जात्याचा आवाज येऊ लागला आणि त्यात आईचा हात आहे हे मला ऐकून कळलं. ती दळताना खुंटा थोडा ओढून धरायची.

त्या दिवसाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लोक विचारतात, शास्त्र शिकल्यावर देवधर्मावरचा विश्वास गेला का? माझा गेला नाही. शास्त्रावरचाही गेला नाही. मी अजून ग्रहणात आंघोळ करतो आणि मुलांना ग्रहण म्हणजे सावली हेच सांगतो. दोघांनी मला कधी फसवलं नाही, हे मला म्हणावंच लागेल. त्या दिवशी पुस्तकानं आपल्याला जेवढं माहीत तेवढंच सांगितलं आणि पुढचं माहीत नाही म्हणून थांबलं. रिवाजानं आईच्या मुलाचंच भलं बघितलं. दोघांचं म्हणणं शेवटी एकच निघालं, दादाची मूठ परातीत पडायची नाही. लहानपणी मला दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं असायचं ना, ते त्या दिवशी आलं. पण ते ज्या बाईपाशी आलं तिच्याकडे त्या उत्तराशिवाय दुसरं काही राहिलं नाही. हे मी कोणाला समजावून सांगू शकलेलो नाही, माझ्या मुलांनाही नाही. ती दोघं आता तोच धडा शिकतात. त्यांची प्रयोगशाळा चांगली आहे.

आज मूठ घेताना मीच वडील माणसांत बसतो. मोठीमाय गेली, वडील गेले. आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. रिवाज चालू आहे. मी तो मोडला नाही आणि मोडायची इच्छाही झाली नाही. देवीपुढे बसलो की मला दादाची आठवण येते, म्हणून असेल.

पण त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. सोमवारी सकाळी कानबाईला तापीवर नेतात. बायका पाटावर देवी घेऊन गाणी म्हणत पुढे असतात, वाटेत थांबून फुगड्या घालतात. नदीला गढूळ पाणी होतं, काठाची बाभळीची झाडं अर्धी पाण्यात होती. देवी बोळवली. बायका माघारी फिरल्या. आई मागे राहिली. मोकळा पाट घरी न्यायचा म्हणून तो हातात घेऊन मीही थांबलो.

मसण तिथून वरच्या अंगाला दिसत होतं. आई तिकडे बघत नव्हती. पलीकडच्या काठाकडे बघत होती.

आदल्या दोन दिवसांत ती माझ्याशी बोलली नव्हती असं नाही. जेवायला वाढलं, सदरा धुऊन दिला, रोटाचा तुकडा मला दोनदा घे म्हणाली. रोट तीही जेवली. फक्त त्या गोष्टीचं काही बोलली नव्हती.

आता ती म्हणाली, "तू खरं सांगं. चांगलं कयं."

मी पाट दुसऱ्या हातात घेतला.

"खोटं बोलता ते मी मूठ टाकी देती. आनि मंग रोज दारकडे देखत बठती. मोठीमायनं बरोबर शे."

"हा."

"आबानं बी बरोबर शे. तुन्हा मास्तरनं बी बरोबर शे." ती वाकली, पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावरून फिरवलं. पुढच्या बायका वळून आम्हाला हाका मारत होत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दोन पावलं चालली. मग थांबली, पण माझ्याकडे वळली नाही.

"पन एकदाव खोटं बोली देता," ती म्हणाली, "ते तुन्हं काय जातं रे."

आणि ती बायकांच्या दिशेनं चालू लागली. तिला गाठायला मी पाऊल उचललं नाही. पाट ओला होता, त्याचं पाणी माझ्या सदऱ्यावर ओघळत होतं. ती त्यांच्यात जाऊन मिसळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.